चौघांचं पोस्टर

चॅम्पियनबाईंना आजवर कोणी हरवू शकलं नव्हतं. याचं मुख्य कारण असं, की कोणी तसा प्रयत्नच केला नव्हता. पंचावन्नच्या पुढच्या बायकांची शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोकची शर्यत त्यांच्या तलावावर दरवर्षी व्हायची आणि दरवर्षी त्या शर्यतीत एकच बाई उतरायची. त्यांना एकटीला पोहायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून संयोजक त्यांना चाळिशीतल्या बायकांच्या सोबत पाण्यात सोडत. त्या बायका पोहून, वर येऊन, केस पुसायला लागल्या तरी चॅम्पियनबाई येतच असायच्या. मग सगळा तलाव टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्यांत कौतुक किती आणि 'आटपा आता' किती, याच्या खोलात त्या कधी शिरल्या नाहीत. गळ्यात सुवर्णपदक पडलं की माणसाला खोलात शिरावंसं वाटत नाही.

मुळात त्या पोहायला लागल्या गुडघ्यांमुळे. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, पोहा. पहिल्या वर्षी संयोजकांना नावं कमी पडत होती, तेव्हा आग्रहाखातर त्यांनी नाव दिलं आणि पदक घेऊन घरी आल्या. पुढे सगळं आपोआप होत गेलं. लोक त्यांना चॅम्पियनबाई म्हणू लागले. सुरुवातीला चेष्टेने म्हणायचे, मग सवयीने. नवरा, जो भूगोलाचा निवृत्त मास्तर होता, तोसुद्धा 'चॅम्पियन, चहा टाकता का?' असं विचारू लागला. त्याच्या बोलण्यातली चेष्टा मात्र कधी गेली नाही.

त्या चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीत बसवायचं, नाकावर चाचणीची जड फ्रेम चढवायची, एकेक भिंग घालायचं आणि समोरची पाटी वाचायला लावायची. या कामात त्यांचे केस पिकले होते, आणि एवढ्या वर्षांत त्यांना माणसांविषयी एक गोष्ट पक्की कळली होती. खालची ओळ दिसत नाही, हे कोणी सरळ कबूल करत नाही. कोणी डोळे बारीक करतं, कोणी अंदाजाने अक्षरं फेकतं, कोणी मान वाकडी करून म्हणतं, तुमचा दिवाच मंद आहे. गाडीचं लायसन्स हवं असलेले काही बहाद्दर ओळ पाठ करून येतात. अशांसाठी चॅम्पियनबाईंनी दुसरी पाटी ठेवली होती. त्या हळूच पाटी बदलत आणि समोरचा माणूस जुनीच ओळ धडाधड म्हणून दाखवत असताना शांतपणे ऐकून घेत. थापा ओळखण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. स्वतःच्या थापेचं मात्र त्यांनी लोणचं घालून ठेवलं होतं.

ती थाप अशी. तिसऱ्या पदकाच्या वेळी एका साप्ताहिकाचा बातमीदार घरी आला. बिचाऱ्याला अर्धं पान भरायचं होतं आणि या बाई काही केल्या अर्ध्या पानाच्या होत नव्हत्या. आहार? साधा. व्यायाम? पोहणं. आदर्श? कोणी नाही. शेवटी त्याने काकुळतीला येऊन विचारलं, की तुमचं काहीतरी वेगळं असेलच ना? त्या वेळी ते दोघे मुलाच्या खोलीत बसले होते. मुलगा नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला होता आणि मागे भिंतीवर एक भलंमोठं पोस्टर ठेवून गेला होता. काळे कपडे, डोळ्यांवर आलेले केस, हातात गिटारी. चॅम्पियनबाई दर रविवारी त्यावरची धूळ पुसायच्या. त्यांच्या तोंडून निघून गेलं, की मी हा जपानी रॉक बँड ऐकते, पोहताना तीच लय डोक्यात असते.

पूर्ण खोटं होतं असंही नाही. मुलगा घरी असताना त्याने एकदा हौसेने एक गाणं ऐकवलं होतं. भांडी कोसळल्यासारखा आवाज सुरू झाला, वाढत गेला आणि एकदम थांबला. 'छान आहे, लहानसंच आहे,' असं म्हणून त्या भाजी चिरायला उठल्या होत्या. एवढ्या भांडवलावर त्यांनी जो धंदा उभा केला, त्याला तोड नव्हती. खोलीतल्या पोस्टरच्या उल्लेखासकट बातमी छापून आली आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तलावावरच्या पोरींनी त्यांना बँडचा काळा टी-शर्ट भेट दिला. दुकानात तरुण गिऱ्हाइकं त्यांच्याशी आदराने बोलू लागली. भाषा कशी कळते, असं कोणी विचारलं तर त्या म्हणत, शब्द कळायला कशाला हवेत? हे उत्तर इतकं जमून गेलं, की पुढे पुढे त्यांना स्वतःलाच ते पटायला लागलं. नवऱ्याने जपानमधल्या ज्वालामुखींची माहिती पुरवून आपला हातभार लावला. गावात तो बँड ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे या शर्यतीतही रान मोकळं होतं.

यंदा मात्र स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तलावावरचे प्रशिक्षक आनंदाने सांगत आले, की तुमच्या गटात आणखी एक बाई आहेत, आता खरी मजा येईल. 'अरे वा,' असं चॅम्पियनबाई म्हणाल्या. कपडे बदलायच्या खोलीपर्यंत त्यांनी चेहरा हसरा ठेवला. त्या दिवसापासून त्या रोज दुप्पट पोहू लागल्या. नवऱ्याने विचारलं, एवढं काय झालंय, तर त्याच्यावरच डाफरल्या. पदक म्हणजे काय, रंग दिलेला पत्रा, असं त्या एरवी इतरांना सांगत. आता ते गेलं तर आपण दुकानातली एक म्हातारी एवढ्याच उरू, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं आणि त्याची भीती वाटत होती.

दोन दिवसांनी ती बाई स्वतःच दुकानात आली. ठेंगणी, हसऱ्या चेहऱ्याची, बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. पुस्तकांच्या बाइंडिंगचं काम करायची. बोटांच्या पेरांत खळ वाळून बसलेली होती. बाइंडरबाई काउंटरपाशी आली आणि चॅम्पियनबाईंचे दोन्ही हात हातात घेऊन उभीच राहिली. मग एका दमात तिने सगळं सांगितलं. नवरा गेल्यावर ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. बांधायला आलेल्या साप्ताहिकांच्या गठ्ठ्यात तिला ती बातमी दिसली. या वयात एक बाई पोहते आणि असलं संगीत ऐकते, तर आपण नुसतं बसून का राहायचं, असं वाटून तिने दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात सुरू केल्या. पोहणं शिकायला वर्ष गेलं. गाणी मात्र तिने सगळी ऐकली, पहिल्या अल्बमपासून, काम करता करता, पाठ होईपर्यंत.

'तुमच्यामुळे मी उठले,' ती म्हणाली. चॅम्पियनबाईंनी आपलं नेहमीचं केलं, तिला खुर्चीत बसवलं आणि पाटी वाचायला सांगितलं. चष्मा काढलेली बाइंडरबाई म्हणाली, 'पाटी कुठे आहे?' भिंगं चढत गेली. खालच्या ओळीशी आल्यावर ती लगेच म्हणाली, 'ही नाही दिसत.' इतक्या सरळपणे हे वाक्य चॅम्पियनबाईंनी त्या खुर्चीतून फार क्वचित ऐकलं होतं.

खुर्चीतून उतरता उतरता तिने विचारलं, 'त्यांच्या त्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात मधेच सगळं थांबतं ना, अगदी चिडीचूप होतं आणि मग परत सुरू होतं. पोहताना तुम्ही तिथे काय करता?'

चॅम्पियनबाईंच्या हातातलं भिंग तिथेच राहिलं. म्हणजे ते गाणं संपलं नव्हतं. आपण भाजी चिरायला उठलो, तेव्हा ते थांबलं होतं फक्त. 'ते सांगून कळायचं नाही,' असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. बाइंडरबाईने मोठ्या भक्तिभावाने मान हलवली, आणि त्या मानेकडे बघून चॅम्पियनबाईंना स्वतःची लाज वाटली.

ती लाज त्यांनी पाच दिवस मूग गिळून सांभाळली. स्पर्धेच्या सकाळी कपडे बदलायच्या खोलीत दोघीच होत्या. बाइंडरबाई टोपीत केस कोंबत तेच गाणं गुणगुणत होती. चॅम्पियनबाईंना राहवलं नाही. त्या बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, 'हे बघा, मी त्यांचं एकच गाणं ऐकलंय. तेही अर्धं, मधेच भाजी चिरायला उठले. बातमीत जे आलं ते मी असंच ठोकून दिलं होतं.'

बाइंडरबाईने त्यांचा खांदा थोपटला. 'खरी जाणकार माणसं असंच बोलतात,' ती म्हणाली आणि गुणगुणत बाहेर गेली.

आता मात्र चॅम्पियनबाईंना राग आला. इतकी वर्षं थाप कशी बिनबोभाट खपली, आणि आज जिवावर उदार होऊन खरं बोललो तर घ्यायला कोणी तयार नाही. त्या रागाच्या भरातच त्या पाण्यात उतरल्या.

चाळिशीतल्या बायका नेहमीप्रमाणे पुढे निघून गेल्या. पण शेजारच्या लेनमध्ये, जिथे दरवर्षी फक्त तळाच्या फरश्या दिसायच्या, तिथे यंदा एक लाल टोपी वरखाली होत होती. चॅम्पियनबाई श्वास घ्यायला डोकं वर काढत आणि ती टोपी तिथेच असे. त्यांनी पाय जोरात मारले, टोपी तिथेच. परतीच्या वळणावर गुडघा कळवळला, त्याला त्यांनी मनातल्या मनात शिवी दिली. शेवटच्या टप्प्यात त्या अशा पोहल्या की आपण अशा पोहू शकतो हे त्यांनाच माहीत नव्हतं. आजवर त्यांना तशी गरजच पडली नव्हती. दोघींचे हात भिंतीला जवळजवळ एकदमच लागले.

बाइंडरबाई दोरीला लोंबकळत, डोळे किलकिले करून समोरच्या फलकाकडे बघत होती. फलकावर निकाल आला तसा चॅम्पियनबाईंनी तो वाचला. त्यांची वेळ आजवरच्या त्यांच्या सगळ्या वेळांपेक्षा चांगली होती. नाव दुसऱ्या ओळीत होतं.

'मला तर तिथे नुसता धूर दिसतोय,' बाइंडरबाई धापा टाकत म्हणाली. 'तुम्हीच पहिल्या ना?'

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. दोन मिनिटांनी तिला कळलंच असतं, पण ती दोन मिनिटं तरी चॅम्पियनबाईंच्या हक्काची राहिली असती. त्यांनी पाण्यातूनच बोट वर केलं, दुकानात करतात तसं. 'वरच्या ओळीत तुमचं नाव. त्याखाली माझं.'

'काहीतरीच. तुम्ही फार साध्या आहात हो, माझं मन राखायला म्हणून...'

'अहो बाई,' चॅम्पियनबाईंचा आवाज चढला, 'माझा जन्म गेला लोकांकडून पाटी वाचून घेण्यात. खालची ओळ माझी आहे आणि मला ती स्वच्छ दिसतेय.'

बाइंडरबाई दोरीवर जरा वर सरकली. फलकाच्या धुराकडे बघत राहिली, मग वळून चॅम्पियनबाईंच्या तोंडाकडे. ते जवळ होतं, त्यामुळे तिला नीट दिसलं असावं. 'म्हणजे मघाशी ते गाण्याचं म्हणालात...'

'तेही खरं.'

तिने दोरी सोडली, शिडी गाठली आणि वर गेली. पदकं देताना ती वरच्या पायरीवर उभी होती, पण हसली नाही. चॅम्पियनबाई खालच्या पायरीवरून तिच्या पायांकडे बघत राहिल्या. गेलेल्या पदकाचं त्यांना दुःख झालं, नाही असं नाही. पण त्याहून जास्त टोचत होतं ते शेजारी उभं राहून न बोलणारं माणूस. मुलाच्या खोलीत आता त्यांच्याशिवाय कोणी बसत नव्हतं, आणि त्या बँडविषयी बोलायला त्यांच्याकडे आपणहून आलेली ही जगात एकच बाई होती.

केस पुसून झाल्यावर, चष्मा डोळ्यांवर चढवल्यावर, बाइंडरबाईने रागानेच विचारलं, 'निदान पोस्टर तरी आहे का घरी? की तीही थाप?'

'पोस्टर आहे,' चॅम्पियनबाई घाईघाईने म्हणाल्या. 'दर रविवारी पुसते. चार जण आहेत.'

'पाच आहेत,' बाइंडरबाई म्हणाली आणि पिशवी उचलून निघून गेली.

घरी आल्यावर चॅम्पियनबाई ओल्या केसांनीच मुलाच्या खोलीत शिरल्या. नवरा मागोमाग आला, निकाल विचारायच्या बेतात होता, पण त्या पलंगावर चढून भिंतीला नाक लावून उभ्या आहेत हे बघून थांबला. त्यांनी चष्मा चढवला. चौघे नेहमीसारखे उभे होते. त्यांच्या मागे ड्रम होते आणि ड्रमच्या मागे, एका झांजेच्या वर, कपाळ आणि डोळे दिसत होते. बाकी सगळा माणूस झाकलेला. इतके रविवार त्याच्या तोंडावरून फडकं फिरवलं होतं.

'पाच आहेत,' त्या म्हणाल्या.

'असणारच,' मास्तर म्हणाले. 'ड्रम काय आपोआप वाजतात?'

चष्मा करायला टाकताना बाइंडरबाईने दुकानात फोन नंबर दिला होता. चॅम्पियनबाईंनी मुलाला विचारून ते गाणं शोधलं आणि मग फोन लावला. पलीकडून 'बोला' एवढंच आलं. त्या म्हणाल्या, आहे, पाचवा आहे, झांजेच्या मागे.

'आता लावा,' बाइंडरबाई म्हणाली. 'मी फोन धरून बसते. आणि या खेपेला उठायचं नाही.'

भांडी कोसळल्यासारखा आवाज सुरू झाला. मास्तर दारातून पसार झाले. चॅम्पियनबाई मुलाच्या पलंगावर बसून राहिल्या, गळ्यातलं रुपेरी पदक काढायचं राहूनच गेलं होतं. आवाज वाढत गेला, वाढत गेला आणि एकदम थांबला. त्या काही बोलल्या नाहीत. पलीकडूनही कोणी बोललं नाही. दोघी तशाच बसून राहिल्या, गाणं परत सुरू होईपर्यंत.