पायाळू जावेची लाथ

माझी थोरली जाऊ पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याआधी पाय बाहेर आलेली. आमच्या ईट गावाकडं अशा माणसाला लई मान. कुणाच्या कमरेत उसण भरली की त्याला पायाळूच्या दारात न्यायचं आणि पायाळूनं कमरेत लाथ घालायची. उसण पळते म्हणतात. ती पळो न पळो, लोक जावेला चहा-साखर आणून द्यायचे आणि ती पाटलिणीच्या तोऱ्यात ठेवून घ्यायची.

मी अंगणवाडी सेविका. एकदा धान्याचं पोतं सरकवताना कमरेत अशी कळ निघाली, की वाकले ती वाकलेलीच. मला उचलून जावेच्या उंबऱ्यावर पालथं निजवलं. सगळी आळी जमली. जावेची सून शिकलेली, घरात बसून. माझी जागा सुटली तर तिला चिकटवायची, हे जाऊ तोंडावर बोलून दाखवायची. पहिली लाथ बसली तशी मी ओरडले. "असू दे," ती म्हणाली, "दुखल्याबिगर जात न्हाय." आणि दुसरी घातली. पहिली उसणीला होती, दुसरी माझ्या नोकरीला. एवढं तर बाईमाणसाला कळतंच.

त्यानंतर मला धड बसता येईना, पोरं उचलणं तर लांबच. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका गावात आल्या तेव्हा जाऊ गोड आवाजात त्यांना म्हणाली, "हिच्यानं आता व्हायचं न्हाय, दुसरी बघा." मी आतल्या खोलीत पडून ऐकत होते. त्या दिवशी ठरवलं, हिला सोडायची न्हाय.

नवऱ्यानं एसटीनं धाराशिवला नेलं. तिथं फिजिओथेरपीची डॉक्टर, माझ्या लेकीच्या वयाची. कण्याच्या दोन्ही अंगांना बोटं दाबत म्हणाली, "मावशी, स्नायू आखडून दोरखंड झालेत. वर मुका मार पण आहे. कुणी मारलं?" मी म्हणाले, "घरच्यांनीच." तिनं माझ्या नवऱ्याकडं असं बघितलं, की बिचारा खोलीबाहेर जाऊन उभा राहिला.

शेक दिला की कंबर सैल पडायची, मशीनच्या करंटनं मुंग्या येऊन कळ कमी व्हायची, पण घरी येईस्तोवर पुन्हा आखडायची. डॉक्टर म्हणाली, "दुखलं म्हणून आतले स्नायू काम सोडून बसलेत आणि वरचे एकटे राबून थकलेत. आतल्यांना पुन्हा कामाला लावायचं. पण दुखायला लागलं की थांबायचं, जोर करायचा नाही." मग गुडघे दुमडून, उताणं पडून कंबर उचलायची. हातागुडघ्यांवर राहून एक हात पुढं, दुसऱ्या अंगाचा पाय मागं. रोज करताना मी डोळ्यांपुढं जावेचं तोंड धरायची. तेवढ्यानं अंगात बळ यायचं.

हळूहळू कंबर सरळ झाली. कामावर गेले. सून घरातच राहिली. पण माझं पोट तेवढ्यानं भरलं न्हाय. अंगणवाडी सुटली की मी सतरंजी अंथरायची आणि खुरपणीनं कंबर मोडलेल्या बायकांना बोलवून हेच व्यायाम करून घ्यायची. फुकट. बघता बघता जावेच्या उंबऱ्यावर कुणी निजेना. चहा-साखर बंद झाली. ती दारात बसून माझ्याकडं येणाऱ्या बायका बघायची, आणि तिनं बघावं म्हणून मी सतरंजी मुद्दाम तिच्या दारासमोरच्या ओट्यावर टाकायची.

परवा तिच्याच कमरेत उसण भरली. पायाळूला लाथ घालायला दुसरा पायाळू गावात न्हाय. भिंत धरत धरत माझ्या सतरंजीपाशी आली. बायकांनी सरकून जागा दिली. मी म्हणाले, "या आक्का, निजा."

कंबर उचलायला लावली. घामानं डबडबली, ओठ चावायला लागली. "लई दुखतंय गं," म्हणाली.

"असू द्या आक्का. दुखल्याबिगर जात न्हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला आठवलं, हे मला दिसलं. तरी तिनं पुन्हा कंबर उचलली.

दुखलं की थांबायचं, हे मी प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी सांगते. तिला सांगायला मला अजून सवड झालेली न्हाय.