एक खुर्ची कमी

हनीफभाईंच्या मुलाचा, सलीमचा फोन आला तेव्हा मी एक्सप्रेस-वेजवळच्या एका हॉटेलात, कुणा बिल्डरच्या कार्यक्रमासाठी खुर्च्यांना सॅटिनचे बो बांधून घेत होते. "ताई, अब्बा गेले," एवढंच तो म्हणाला. कसे, कधी, हे विचारायचं सोडून मी समोरच्या खुर्च्यांकडे बघत राहिले... त्याला आता दीड महिना होत आला. हनीफभाई आणि खुर्च्या या दोन गोष्टी माझ्या डोक्यात अजून वेगळ्या होत नाहीत. का, ते सांगायला हे लिहिते आहे.

हनीफभाई पनवेलचे, कोकणी मुसलमान. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांचं गोदाम. तिथल्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळाचे ते अध्यक्ष, आणि मी त्या मंडळाचे कार्यक्रम करून देणारी. नवीन पनवेलच्या आमच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत माझं ऑफिस. माझा नवरा या मीटिंगांना 'नवरा-नवरीशिवायची लग्नं' म्हणायचा, आणि मंदीच्या आधी त्या खरंच तशा असत. आल्याआल्या सरबत, माईकवर निवेदिका, गरम डोशांचा काउंटर, निघताना प्रत्येकाच्या हातात एक सुटकेस. कामाचं बोलणं म्हणाल तर कार्डांची देवाणघेवाण, आणि 'कसं काय?' 'एकदम मस्त!' मी मात्र खूश होते, खोटं कशाला बोलू.

मग दोन हजार आठची मंदी आली. आधी सुटकेस गेली, मग निवेदिका, मग जेवणाच्या जागी चहा-सँडविच आलं, आणि शेवटी हॉटेलच गेलं. माझे बाकीचे क्लायंट फोन उचलेनासे झाले. ऑफिसची खोली लेकीला अभ्यासाला द्यावी असं घरात बोललं जाऊ लागलं, आणि मीही मनातून हरलेच होते. मी कुणाला फोन करणं सोडलं होतं. अशात हनीफभाईंचाच फोन आला. मीटिंग आता दर महिन्याला गोदामात होईल. चहा, नानकटाई आणि खुर्च्या, एवढं बघायचं. आणि खुर्च्या, जितकी माणसं बोलावली त्याहून एक कमी.

मला वाटलं, बोलण्यात चूक झाली असेल. आमच्या धंद्यात खुर्च्या नेहमी चार जास्त ठेवतात, ऐन वेळी फजिती नको म्हणून. मी तशाच ठेवल्या. हनीफभाईंनी आल्याबरोबर मोजल्या, जास्तीच्या स्वतः उचलून मोठ्या वजनकाट्यामागे नेऊन ठेवल्या, आणि सांगितलं तेवढंच करत जा म्हणून मला जरा दटावलंच. मी फुरंगटून दाराशी उभी राहिले. नाहीतरी माझी जागा दाराशीच असायची.

मीटिंग अर्धी झाली होती तेव्हा म्हात्रे आले. जवळच्याच गावातले, ट्रेलरचा धंदा करणारे. गाड्या कित्येक आठवडे जागच्या हलल्या नव्हत्या, आणि म्हात्र्यांनी बाजारात तोंड दाखवणं बंद केलं होतं. गाड्या विकून मोकळे होणार, असं सगळे म्हणत होते. त्यांनी आत नजर टाकली. एकही खुर्ची रिकामी नव्हती. "नाय, मी आपला असाच आलो व्हतो. तुमी बसा," म्हणत ते वळलेच होते, तोवर हनीफभाई उठले, त्यांचा हात धरला आणि त्यांना अध्यक्षांच्या खुर्चीत बसवलं. स्वतः वजनकाट्याला टेकून उभे राहिले आणि बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

आता अध्यक्षांच्या खुर्चीतून माणूस हळूच पळणार कसा? म्हात्र्यांनी पुढ्यात आलेला चहा संपवला. मग म्हणाले, "गाड्या उभ्या हायेत माझ्या. काय लपवायचं?" मग एक जण म्हणाला, माझा पुण्याचा माल अर्ध्या गाडीचाच निघतो म्हणून अडकलाय. दुसरा म्हणाला, माझंही तेच. नानकटाई केव्हाच संपली होती, पण कुणी उठेना. पुढच्या आठवड्यात दोघांचा माल एकत्र भरून म्हात्र्यांचा एक ट्रेलर पुण्याला गेला.

चहाची किटली आवरताना मी न राहवून हनीफभाईंना विचारलं, खुर्ची एक कमीच का? ते हसले. "शेवटी येणाऱ्याचे पाय सगळ्यात जड असतात, ताई. रिकामी खुर्ची दिसली तर तो कोपऱ्यात बसेल आणि गुपचूप निघून जाईल. त्याच्यासाठी कुणी उठलं, की त्याला बसावंच लागतं."

तेव्हापासून मला नादच लागला, आज शेवटी कोण येतंय ते बघायचा. हॉटेलच्या दिवसांत उशिरा यायचे ते मोठे लोक, सगळ्यांनी वळून बघावं म्हणून. गोदामात उशिरा यायचा तो, ज्याचा महिना वाईट गेलेला. दर वेळी माणूस वेगळा, आणि दर वेळी हनीफभाई काट्याला टेकून उभे. पुढे बाजार सुधारला, इतर मंडळं परत हॉटेलांत गेली, माझे सॅटिनचे बो परत आले. ही मीटिंग मात्र गोदामातच राहिली.

सलीमचा फोन आला त्या दिवशी, हातात बो धरून उभी असताना एक गोष्ट पहिल्यांदाच माझ्या लक्षात आली. गोदामात इतके हमाल होते. प्लास्टिकच्या पंचवीसेक खुर्च्या मांडायला हनीफभाईंना माझी काय गरज होती? इतकी वर्षं मी दुसऱ्यांचे जड पाय मोजत होते... विचारायचं होतं, पण आता विचारणार कुणाला.

गेल्या आठवड्यात मंडळाची मीटिंग झाली, त्यांच्यानंतरची पहिली. माझं पाऊलच उचलेना. सलीमला फोन केला, खुर्च्या तूच लावून घे म्हटलं. "नेहमीसारख्या?" त्याने विचारलं. नेहमीसारख्या, म्हटलं. शेवटी राहवलं नाही, गेले. पोचले तेव्हा सगळे बसले होते, एकही खुर्ची रिकामी नव्हती, आणि काट्याजवळ कुणीच उभं नव्हतं. त्या जागेकडे बघवेना.

"चालू द्या तुमचं," मी दारातूनच म्हटलं, "मी फक्त चहाचं बघायला आले होते."

म्हात्रे उठले. "ताई, बसा," म्हणाले, आणि काट्याला जाऊन टेकले. मी बसले. खुर्ची अजून गरम होती.