ज्युरीतली खुर्ची

"तू ऊठ गं तिथून," सर म्हणाले. "तुमच्याकडे जयंतीला डीजे लागतो ना? त्या कानांना यातलं बारीक काय कळणार?"

खोलीतले सगळे हसले. मी हेडफोन काढून ठेवला आणि बाहेर आले.

अंधेरीतली कंपनी. काम गाड्यांच्या सायलेन्सरचं. गाडी बनायच्या आधीच तिचा आवाज कसा येईल, ते मी कॉम्प्युटरवर काढते. नळीची लांबी, आतले पडदे, भोकं, सगळं मॉडेलमध्ये घालायचं आणि आवाज तयार करायचा. मग ज्युरी बसते. ज्युरी म्हणजे कंपनीतलेच इंजिनियर. हेडफोन लावून आवाजांना मार्क देतात. कुठला आवाज पास, ते तेच ठरवतात. ज्युरीत न बसलेल्याला आमच्याकडे स्वतःचा प्रोजेक्ट कधी मिळत नाही. म्हणजे मी जन्मभर दुसऱ्यांसाठी मॉडेलं करत राहायची.

नियम एकच होता, कान तपासून घ्यायचे. माझा रिपोर्ट नॉर्मल होता. तो घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते अगदी प्रेमाने म्हणाले, "रिपोर्टचं नाही गं. कानाला वळण घरातूनच लागतं."

त्यांच्या घरी म्हणे पहिल्यापासून गाणं. त्यांच्या बोरीवलीच्या सोसायटीत गणपतीला ढोलताशांनी खिडक्यांच्या काचा हलतात, ती संस्कृती. आमच्या चारकोपला वाजलं की गोंगाट. डोक्यात तिडीक गेली माझ्या. पण रिपोर्ट उचलून मी आपल्या जागेवर परत आले.

घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, ती त्यांना चार शिव्या घालेल. ती मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "त्यानं ऊठ म्हटलं आणि तू उठलीस?"

बास, एवढंच. सरांच्या बोलण्यापेक्षा ते जास्त लागलं. कॉलेजात कोट्याचे टोमणे ऐकले तेव्हाही मी गप्प बसले होते आणि त्याला समजूतदारपणा म्हणत होते. कसला डोंबलाचा समजूतदारपणा. भीती होती ती.

पुढची ज्युरी बसायची होती तेव्हा मी सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. सर आले. म्हणाले, अगं, आज परत?

"सर, मी नको असेन तर कारण लिहून द्या," मी म्हणाले. "डीजेचं तेच कारण लिहा. खाली सही करा."

या वेळी कोणी हसलं नाही. सर म्हणायला लागले, गंमत केली होती, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मी सांगितलं, गंमत तुमची होते आणि प्रोजेक्ट माझा जातो. मग हेडफोन चढवले आणि मार्क द्यायला लागले.

तेव्हापासून जेवताना माझ्या टेबलावर कोणी येत नाही. प्रोजेक्ट अजून मिळालेला नाही. कदाचित मिळणारही नाही. पण दर ज्युरीला मी बसते. उद्या आमच्यातली दुसरी कुणी पोरगी इथं आली आणि तिला कोणी ऊठ म्हणालं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.