माझ्या शेवटच्या घटका आणि कोड्यांचा गेम

मी शेवटच्या घटका मोजतेय, ही बातमी आमच्या राजारामपुरीतल्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात शेवटी मला कळली.

दोष त्या गेमचा. हे गेल्यापासून मी फ्लॅटमध्ये एकटी. मुलगा अभी बेंगळुरूला. त्याचा फोन म्हणजे "जेवलीस? गोळी घेतलीस? ठेवू?" एवढाच. मग त्यानं आपला जुना लॅपटॉप पाठवला, त्यात एक कोड्यांचा गेम घालून. डोकं चालतं राहील म्हणे. (ते बंद पडल्याचं त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.) गेममध्ये माणूस दिसत नाही, आपणच चालायचं. रिकामं घर, लांबलचक बोळ. सरळ गेलं तरी निघालो त्याच खोलीत परत. मागं वळलं तर मघाच्या दाराच्या जागी भिंत. रिकाम्या घरात फिरायला गेम कशाला हवा, ते मी रोजच करते. पण अडकले की अभीला फोन लावायचा, आणि तो चक्क तासभर बोलायचा. "आई, वर बघ. आता डावीकडं. अगं, तुझं डावं!" मग मी वरचेवर अडकायला लागले.

त्या दुपारी बोळात फिरून फिरून मलाच गरगरलं. म्हणून फरशीवर आडवी झाले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या शांताक्का विरजण मागायला आल्या.

"आगं सुमन, काय झालं गं?"

"दार गावंना, आक्का," मी डोळे मिटूनच म्हणाले. "मागं वळलं की भिंत येतीय."

"कसलं दार? दारातनंच आलो की मी."

"सरळ गेलं तरी परत हितंच येतोय बघा."

आक्कांनी तिथूनच अभीला फोन लावला. "आईला भिंती दिसाय लागल्यात. हाईस तसा नीघ."

मला तिथंच डुलकी लागली. डोळे उघडले तर उशाशी बिल्डिंगमधल्या बायका, जिभेवर तुळशीचं पान, आणि मला कुठली साडी नेसवायची यावर दबक्या आवाजात चर्चा.

"मला काय बी झालं न्हाय," मी उठून बसले. "गेम खेळत हुतो."

"व्हय व्हय," आक्का म्हणाल्या. "पड तू." आणि शेजारणीला हळूच म्हणाल्या, "शेवटाला असं जरा बरं वाटतंय."

सकाळी अभी दारात उभा. शर्ट उलटा, डोळे लाल. वडिलांच्या वर्षश्राद्धालाही त्याला रजा मिळाली नव्हती. त्यानं माझा हात धरला आणि लहानपणी रडायचा तसा रडला. तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. पण हात कुणी धरून फार दिवस झाले होते, म्हणून दुपारपर्यंत आजारीच राहिले.

शेवटी लॅपटॉप बघून त्याच्या लक्षात आलं. रागावला नाही. माझ्याशेजारी बसून त्यानं अख्खा गेम संपवला, आणि "तुला त्रास नको" म्हणत काढूनही टाकला. संध्याकाळच्या बसनं गेला.

आता अडकायला काही उरलं नाही. फोनवर पुन्हा जेवण, गोळी, ठेवू.

काल मात्र मीच लावला. म्हटलं, "अभी, मिक्सर सुरूच होईना बघ."

"आई, बटण बघ. दुसऱ्या सॉकेटला लाव. भांडं नीट बसलंय का?" चांगला अर्धा तास बोलला बिचारा.

प्लग माझ्या मांडीवर होता.