बिनडोळ्यांची भाकर

"ज्याला घाई आहे त्यानं घरून जेवून यावं," असं वहिनी एकदा म्हणाली होती. हसत म्हणाली होती, कोपरापर्यंत पिठात हात घालून, आणि ऐकायला नणंदेखेरीज कुणी नव्हतं. म्हणून एका शनिवारी तेच वाक्य परक्या बाईच्या तोंडून तिच्या कानावर पडलं, तेव्हा ते कुठून बाहेर गेलं हे शोधत बसावं लागलं नाही.

तिला सगळेच वहिनी म्हणत. लग्न एकाशी केलं आणि वहिनी साऱ्या वस्तीची झाली, हा तिच्या नवऱ्याचा ठरलेला विनोद. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सव्वीस वर्षांपूर्वी कंत्राटावर आफ्रिकेत गेला, तिथल्या एका डोंगरातल्या शहरात दोन वर्षं राहिला आणि येताना हिला घेऊन आला. आली तेव्हा तिला इथल्या भाषेतले दोनच शब्द येत होते: 'हो' आणि 'पाणी'. बाकीची भाषा नणंदेनं शिकवली. नणंद तेव्हा कॉलेजात होती. ओट्यावर चढून बसायची आणि एकेका भांड्याकडे बोट दाखवायची. वहिनी झाऱ्याला चाळणी म्हणाली की दोघी पोट धरून हसायच्या. बदल्यात वहिनीनं तिला पीठ शिकवलं.

पीठ म्हणजे तिच्या मुलखातल्या धान्याचं. दाणा खसखशीहून बारीक. ते दळायचं, पाण्यात कालवायचं, मागच्या पिठातलं थोडं विरजणासारखं त्यात सोडायचं आणि तीन दिवस त्याला हात लावायचा नाही. मग मोठ्या गोल तव्यावर कडेपासून आत, फिरवत फिरवत ओतायचं आणि झाकण घालायचं. उलटायचं नाही. पीठ नीट आंबलं असेल तर भाकरीच्या अंगावर शेकडो छिद्रं उघडतात. वहिनीकडे त्यांना डोळे म्हणतात. डोळे कमी असतील ती भाकर आंधळी. ती पाहुण्यापुढे ठेवत नाहीत.

"मग आंधळीला खातं कोण?" नणंदेनं विचारलं होतं.

"जिनं केली ती. भिंतीकडे तोंड करून."

धुलाईच्या दुकानाच्या वर एक हॉल होता. खालच्या यंत्रांची घरघर जमिनीतून तळपायांत यायची. अकरा वर्षं दर शनिवारी दुपारी वहिनी तिथं जेवण घालायची. एका मोठ्या थाळीवर एक भाकर पसरायची, तिच्यावर मसुराचं घट्ट कालवण, तेलात परतलेला पाला आणि लाल तिखटात शिजलेल्या मटणाचे ढीग, आणि भोवती चौघं. वेगळं ताट नाही, चमचा नाही. तोडायचं, उचलायचं, खायचं. वस्तीत दहा मुलखांची माणसं, त्यातल्या निम्म्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण समोरचा मटणाचा तुकडा आपल्या बाजूला सरकवतोय की स्वतःच्या, हे कळायला भाषा लागत नाही. इलेक्ट्रिशियन पहिल्यांदा आला तेव्हा सगळं संपवून म्हणाला, "वहिनी, ताट कुठं ठेवू?"

"पोटात ठेवलंत की हो," ती म्हणाली. तेव्हापासून तो दर शनिवारी हजर.

सोमवार ते शुक्रवार मात्र ती हॉस्पिटलच्या मुदपाकखान्यात भांडी घासायची. एकोणीस वर्षं. तिथं तिला कधी कुणी गॅसपाशी उभं केलं नाही. वाफेनं बोटांची कातडी पांढरी पडलेली असायची आणि शुक्रवारी रात्रीपर्यंत ती तशीच राहायची. शनिवारी पिठात हात घातला की तिला वाटायचं, आता हे हात माझे.

मग बातमी आली. नगरपालिका हॉलमध्ये पक्कं स्वयंपाकघर बांधणार आणि तिथं पगारी माणूस नेमणार, आठवड्यातून चार दिवस रांधायला आणि लोकांना शिकवायला. वस्तीत कुणाला शंकाच नव्हती. वहिनीसाठीच खुर्ची करून घेतलीय म्हणाले.

"फॉर्म मी भरते," नणंद म्हणाली. ती नगरपालिकेतच कारकून होती. "तुझं अक्षर बघून तिथले लोक खोकल्याचं औषध देतील."

वहिनीनं विश्वासानं सगळे कागद तिच्या हाती दिले. एवढंच नव्हे, तर हॉस्पिटलच्या मुकादमीणबाईला सांगून टाकलं की महिनाअखेरीस मी चालले. मुकादमीणबाई म्हणाली, "जा बाई, सुटलीस. भांडी तेवढी रडतील." दुसऱ्या दिवशी तिनं वहिनीच्या जागी दुसरी बाई ठरवली.

नेमणूक करणारी नगरपालिकेची कमिटी जेवायला यायची तो शनिवार ठरला. बुधवारी वहिनीनं पीठ कालवलं. शनिवारी सकाळी बादली घेऊन हॉलवर पोचली तर नणंद आधीच आलेली, केस बांधून, तवा तापत ठेवून.

"तू आज बाहेर बस," ती म्हणाली. "लोकांशी बोल. भाजते मी. अकरा वर्षं तुझ्या हाताखाली काढली, एक दिवस विश्वास ठेव की."

वहिनीला भरून आलं. बादली मोरीच्या कट्ट्याखाली सरकवून ती बाहेर जाऊन बसली. रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळेना. तिनं ते मांडीखाली ठेवले.

थाळी आली. कमिटीची बाई, दोन पुरुष आणि वहिनी भोवती बसले. कुणीतरी फोटो काढत होतं. नणंद वाकली, भाकरीचा मोठा तुकडा तोडला, त्यात मटण गुंडाळलं आणि वहिनीच्या तोंडाशी नेलं. वहिनीच्या मुलखात आपल्या हातानं घास भरवणं ही मानाची गोष्ट. घास जेवढा मोठा तेवढी माया मोठी. टाळ्या पडल्या. वहिनीनं तोंड उघडलं.

आधी लिंबू लागलं. मग जिभेच्या मागच्या बाजूला सोड्याची खरखर. तिनं थाळीकडे पाहिलं. भाकरीला इथं तिथं चार मोठी भोकं होती, बाकी अंग सपाट, मेणकापडासारखं. घास थुंकता येत नव्हता. भरवणाऱ्याचा हात झिडकारल्यासारखं झालं असतं. तिनं तो चावला, फार वेळ चावला, आणि गिळला.

"पंचेचाळीस मिनिटांत!" कमिटीची बाई म्हणाली. "पीठ कालवण्यापासून थाळीपर्यंत. आम्हाला हेच हवं होतं. तीन दिवस कोण थांबतंय? वर्ग एका तासाचा असतो." मग वहिनीकडे वळून तिनं प्रेमानं सांगितलं, "तुमच्या नणंदेची नेमणूक कालच पक्की केली. तिनं सांगितलंच होतं, तुम्हाला हे शिकवणं वगैरे जमायचं नाही म्हणून. ज्याला घाई आहे त्यानं घरून जेवून यावं, असं म्हणता ना तुम्ही? फार हसलो आम्ही."

इलेक्ट्रिशियनचा हात थाळीवर अधांतरी थांबला. वहिनी उठली आणि आत गेली.

बादली मोरीच्या कट्ट्याखाली तशीच होती. झाकणावरची दोरी तिनं बांधली होती त्याच गाठीत. ओट्यावर मैदा, लिंबाच्या साली, सोड्याची फाटलेली पुडी. नणंद मागोमाग आली आणि दार लोटून घेतलं.

"ओरडू नकोस," ती म्हणाली.

वहिनी ओरडत नव्हती.

"त्यांना सर्टिफिकेट हवं होतं. तुझ्याकडे आहे? मी कोर्स केला. सहा महिने संध्याकाळी जात होते."

"तू संध्याकाळी शिवणकामाला जात होतीस."

"तसं सांगितलं होतं." नणंद ओट्यावरचा मैदा हातानं गोळा करू लागली. "तू गेली असतीस तर त्यांनी तुला पहिल्याच दिवशी काढलं असतं. मग ही जागा कुठल्या तरी परक्याकडे गेली असती. निदान घरात राहिली."

"घरात कुणाला माहीत होतं?"

नणंदेचा हात थांबला.

"कुणाला माहीत होतं?"

"दादाला. परीक्षेला त्यानंच सोडलं मला." मग घाईनं, "पण तो म्हणाला तिला तू सांग. मी रोज सांगणार होते, वहिनी. तू रोज इतकी खूश असायचीस."

सकाळी नवऱ्यानं बादली घराच्या जिन्यावरून खाली आणून दिली होती. जड आहे गं, म्हणाला होता, कंबर सांभाळ. गेल्या महिन्यात, मी हॉस्पिटल सोडतेय असं तिनं सांगितलं, तेव्हा तो मान खाली घालून बुटाची नाडी बांधत होता. फार वेळ बांधत होता. केसानं गळा कापणं हा वाक्प्रचार नणंदेनंच कधीतरी तिला शिकवला होता. तेव्हा तिला हसू आलं होतं, केसानं कसा कापेल म्हणून.

"तू येशीलच ना?" नणंद आता जवळ आली. आवाज मऊ झाला होता. "मी विचारून ठेवलंय. मदतनिसाची जागा आहे. कापणं, निवडणं, मागची आवराआवर."

"भांडी," वहिनी म्हणाली.

"म्हणजे, तीही असतात त्यात. पण घरचंच काम गं. आणि ते विरजण मला देऊन ठेव, थोडंसंच. लोकांना दाखवायला बरं, की जुन्या काळी असं करायचे."

वहिनीनं तिच्याकडे पाहिलं. ओट्यावर बसून पाय हलवणारी ती मुलगी या चेहऱ्यात कुठं आहे का, हे पाहत असावी. नणंदेच्या गालाला मैदा लागला होता. एरवी वहिनीनं तो पदराच्या टोकानं पुसला असता. दाराबाहेर कुणीतरी हाक मारली, "वहिनी, फोटो राहिलाय!" आणि दोघींनीही मान वळवली.

"मलाच म्हणताहेत, कमिटीतले मलाही वहिनीच म्हणतात," नणंद पुटपुटली. "तुला नको असेल तर मी जाते."

वहिनीनं कट्ट्याखालची बादली उचलली आणि दार उघडलं. हॉलमध्ये चार थाळ्यांभोवतीची माणसं तिच्याकडे बघू लागली. दर शनिवारी येणारा एक शिंपी सरकला आणि त्यानं आपल्या शेजारी जागा केली. इलेक्ट्रिशियन अर्धवट उठून उभा राहिला. दाराशी, उशिरा आलेला नवरा हातात टोपी घेऊन उभा होता. तो काहीतरी बोलायला लागला, बहुतेक तिचं नाव, जे नाव त्याच्याशिवाय इथं कुणी घेत नव्हतं.

ती त्याच्या बाजूनं जिन्याकडे गेली. खाली यंत्रं कुणाचे तरी कपडे पिळत होती. ती पायऱ्या उतरली आणि रस्त्याला लागली.