डावीकडून झिजलेल्या पायऱ्या

बांधकामाच्या पत्र्यावर ‘इथे असं होणार’ म्हणून मोठं चित्र लावतात, त्यातली माणसं तुम्ही कधी नीट बघितलीत का? खोटं बोलू नका. तुम्ही खिडक्या बघता, झाडं बघता आणि पुढे जाता. एकदा थांबून बघा. एक बाई बाबागाडी ढकलत असते, एक टायवाला घाईत असतो, आणि हातात लाल फुगा धरलेली एक मुलगी असते. ती अकरा इमारतींच्या दारात उभी राहून आली आणि एका दिवसानेही मोठी झाली नाही. तिला उभी करणारा माणूस मात्र तेवढ्यात पन्नाशी ओलांडून गेला.

ऑफिसात त्याला धूळकाका म्हणत. संगणकावर घरांची चित्रं करायची, हे त्याचं काम. घर तयार होण्याआधी ते कसं दिसेल ते दाखवायचं. कुठल्या कॉलेजात शिकला नाही. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यांच्या हाताखाली ब्रश धरला. पाट्या छापील झाल्या तसा मुकाट्याने संगणकापुढे जाऊन बसला. पदवीवाल्यांची चित्रं चकाचक असत आणि बघताक्षणी खोटी वाटत. कडा ब्लेडने कापल्यासारख्या, भिंती इस्त्री केल्यासारख्या, सगळ्या काचांत एकच अखंड आभाळ. हा गडी प्रत्येक काच केसभर तिरकी करायचा, म्हणजे आभाळाचे तुकडे पडायचे. खिडकीखाली पाण्याचे ओघळ काढायचा. पितळी मुठीला जिथे हात लागतो तिथेच चमक द्यायचा, बाकी मूठ काळपट ठेवायचा.

“काका, आज किती किलो धूळ टाकली?” पोरंपोरी विचारायची.

“अडीच,” तो म्हणायचा. ते हसायचे, हा हसायचा, आणि बहुतेक दिवशी त्याचं बोलणं तेवढ्यावरच संपायचं.

घरी तो एकटा. लग्न राहून गेलं ते गेलंच. रविवारी थोरल्या ताईचा लांबून फोन यायचा. “जेवलास का?” “जेवलो.” “काय जेवलास?” इथे तो अडखळायचा, कारण उत्तर द्यायला काही जेवलेलं असावं लागतं. स्वयंपाकघरात दोन खुर्च्या होत्या. एकीवर तो बसायचा, दुसरीवर इस्त्रीचे कपडे.

असा हा माणूस एकदा किल्ली आत विसरून स्वतःच्याच घराबाहेर राहिला. दोन गल्ल्या पलीकडे एक जुनं दगडी घर होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोण्या न्यायाधीशाने बांधलेलं, पुढे सरकारी कागदपत्रांचं गोदाम झालेलं. त्याच्या पाच पायऱ्यांवर किल्लीवाला बसायचा. सगळे त्याला मामा म्हणत. मामाने येऊन कुलूप उघडलं आणि जोडीची किल्ली घासून दिली.

“एक तुझ्या खिशात,” मामा म्हणाला, “आणि ही बाहेर कोणाकडे तरी ठेव. कोणाकडे ठेवशील?”

धूळकाका उभा राहिला. शेजारी आठवून झाले, ऑफिस आठवून झालं. मामा कानस पुसत थांबला. माणूस किती एकटा आहे हे बघायचं असेल, तर त्याला हा प्रश्न विचारावा.

“तुमच्याकडेच राहू द्या,” शेवटी तो म्हणाला.

मामाने किल्लीला निळा दोरा बांधला आणि पेटीच्या झाकणातल्या खिळ्याला अडकवली. त्या दिवसापासून रोज सकाळी धूळकाका तिथून गेला की वरून आवाज यायचा, “आहे रे तुझी किल्ली! अजून पळून गेली नाही!” सहा वर्षं. ताईचा रविवार सोडला, तर त्याची विचारपूस करणारा जगात हा एवढाच आवाज.

आणि नेमकं तेच दगडी घर दुरुस्तीला निघालं. वर पाहुण्यांच्या खोल्या, खाली वाचनालय. चित्राचं काम धूळकाकाकडे आलं. असं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. रोज जाता-येता मामाच्या देखत टेप लावून दगड मोजला; ‘आहे तसंच काढणार’ असं त्याला सांगितलंही. कुठे चुना फुगलाय, कुठली चौकट कलली आहे, सगळं टिपलं. पायऱ्या मऊ दगडाच्या होत्या आणि डाव्या अर्ध्या भागात बशीसारख्या खोल गेल्या होत्या. उजवीकडे मात्र कडा ताठ. कारण उजवीकडे मामाचा पसारा. दुसऱ्या पायरीवर स्टूल, तिसरीवर पेटी, चौथीवर किल्ल्यांचा फळा. त्याच्याआधी तिथे त्याचा सासरा बसायचा. सत्तर वर्षं अख्खं गाव डावीकडून चढत-उतरत होतं. धूळकाकाने प्रत्येक पायरीची खोली मोजून तशीच चित्रात उतरवली, आणि उजवीकडे मामाला बसवला. मान वाकवून, हातात कानस घेऊन. त्याच्या चित्रात पहिल्यांदाच एक खरा माणूस आला.

आर्किटेक्ट बाई खूश झाल्या. “काका, कमाल! भिंतीला हात लावून बघावंसं वाटतं. फक्त हे तेवढं काढा.”

“हे म्हणजे?”

“हे गृहस्थ. आराखड्यात ते नाहीत. चित्रात दिसले तर उद्या जागेवर हक्क सांगतील. तिथे आपली फुगेवाली उभी करा की.”

इथे टेबलावर मूठ आपटायची होती. बोलायचं होतं, अहो बाई, घर जुनं ठेवायचं म्हणता आणि घरातलं सगळ्यात जुनं माणूस हाकलता? तो काहीच बोलला नाही. असे गप्प राहणारे लोकच या जगात सगळी पुसापुशी करून देतात, त्याचाच राग येतो. त्याने एक बटण दाबलं. मामा गेला, फुगेवाली आली.

मामाला आपण स्वतः सांगू, असं त्याने ठरवलं. सोमवारी चित्र पत्र्यावर लागलं. मंगळवारी “आहे रे तुझी किल्ली!” ऐकून त्याने नुसती मान हलवली. बुधवार, गुरुवार तो मागच्या गल्लीने ऑफिसला गेला.

शुक्रवारी दुपारी नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणी होती. कोणाला हरकत असेल तर सांगा, अशी. बाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं, लोकांनी माना डोलावल्या. एवढ्यात मागून त्या भागातली टपालवाली उभी राहिली. खांद्यावर पिशवी तशीच.

“एक विचारू? त्या पायऱ्या मी रोज चढते. चित्रात त्या डावीकडूनच का झिजल्यात?”

“ते जुनेपण खरं वाटावं म्हणून केलंय,” बाई म्हणाल्या.

“मग उजवीकडून काय, लोक उडत गेले?”

सभागृह हसलं. बाईंनी वळून धूळकाकाकडे पाहिलं. तो उठला. आयुष्यात कुठल्या सभेत तो बोलला नव्हता.

“झीज खरी आहे,” तो म्हणाला. “मी मोजली. उजवीकडे किल्लीवाले मामा बसतात, म्हणून लोक डावीकडून जातात. माणूस मी पुसला. झीज पुसायची राहिली.”

मग हरकतींचा पाऊस पडला. अध्यक्षांनी तिथल्या तिथे लिहून घेतलं की पायऱ्या आहेत तशा राहतील आणि उजवी बाजू किल्लीवाल्याची राहील. बाई चिडल्या, पण मान्य केलं. धूळकाका अक्षरशः धावत सुटला.

उजवी बाजू रिकामी होती. स्टूल नाही, पेटी नाही, फळा नाही. दगडावर फक्त पेटीच्या तळाचा फिकट चौकोन.

घरी दाराखालून एक पाकीट सरकवलेलं होतं. आत निळ्या दोऱ्याची किल्ली, आणि कागदावर मामाचं वाकडं अक्षर: ‘चित्र बघितलं. तू कधी खोटं काढत नाहीस, म्हणजे आपली जागा गेलीच म्हणायची. उगाच भांडण नको. लेकीकडे जातो. किल्ली दुसऱ्या कोणाला तरी दे.’

लेक कुठल्या गावी? सहा वर्षांत त्याने विचारलंच नव्हतं. मामा रोज त्याची चौकशी करायचा. याने एकदाही उलट त्याची चौकशी केली नाही. टपालवालीलाही पत्ता ठाऊक नव्हता. मामाला कधी पत्रच येत नसे.

घर आता तयार झालंय. पायऱ्या तशाच आहेत, आणि लोक अजून डावीकडूनच चढतात. धूळकाका रोज सकाळी तिथून जातो, आणि फळ्याची जागा होती तिथे पाऊल हळू करतो. किल्ली खिशात असते. दुसऱ्या कोणाला अजून दिलेली नाही.

तेव्हा एक काम करा. तुमच्या गावात, एखाद्या पायरीवर, नव्याने बसायला आलेला म्हातारा किल्लीवाला दिसला, त्याच्या पेटीच्या झाकणात एक रिकामा खिळा असला आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करत असला, तर त्याला माझा एवढा निरोप द्या: मामा, ते चित्र खोटं होतं. उजवी बाजू तुमचीच आहे.