वळणापलीकडे रेंज नाही

लोहगडवाडीतल्या सात-आठ टपऱ्यांसाठी मी जेवणाच्या ऑर्डरी घेणारा सर्व्हर लिहिला होता. गड चढतानाच मोबाइलवरून पिठलं-भाकरी सांगायची, उतरेपर्यंत ताट तयार. लागोपाठ दोन रविवारी तो भर गर्दीत कोसळला आणि ऑर्डरीही गेल्या. पहिल्या टपरीवरच्या मावशी म्हणाल्या, "ताई, या रविवारी परत मेला तर आमी आपलं वहीवर. लोकं आमालाच बोलत्यात." त्यांनी सोडलं की बाकीच्याही सोडणार, हे उघड होतं.

पुण्याच्या ऑफिसात बैठक झाली. साहेबांनी रंगीत बाणांचा तक्ता लावला आणि सर्व्हर दर तासाला आपोआप बंद करून परत सुरू करावा, असं ठरवलं. त्याला त्यांनी धोरण म्हटलं. मी म्हटलं, मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या.

सर्व्हरच्या नोंदीत एवढंच दिसत होतं की एकदा मोकळी केलेली मेमरी प्रोग्राममध्ये कुणीतरी पुन्हा मोकळी करत होतं, आणि त्यातच तो कोसळत होता. ऑफिसात बसून चाचणीच्या हजार ऑर्डरी पाठवल्या. काही झालं नाही. तेव्हा लॅपटॉप घेऊन लोकलने लोणावळ्याला आणि तिथून स्कूटरवर वाडीत गेले.

"मावशी, लोक ऑर्डर कुठून देतात?"

"त्या वळणावरनं. पुढं रेंज न्हाई ना."

म्हणजे बटण दाबायचं आणि उत्तर यायच्या आत वळण ओलांडायचं. ऑफिसात असं कोण करणार? मावशींना लॅपटॉपसमोर बसवलं, पडद्यावर सरकणारी सर्व्हरची अक्षरं थांबली की हाक मारा म्हटलं, आणि मी मोबाइलवर बटण दाबून वळणापलीकडे पळू लागले. आठ वेळा मी पोचायच्या आत उत्तर आलं. नवव्यांदा वेळेत पोचले. अर्ध्या मिनिटाने हाक आली, "ताई, मेला."

संपर्क तुटला की प्रोग्रामचा एक भाग त्या ऑर्डरची मेमरी मोकळी करत होता. उत्तराची वाट बघणारा दुसरा भाग अर्ध्या मिनिटाने तीच पुन्हा मोकळी करायचा. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "उठलेल्या गिऱ्हाईकाचं ताट मी नि सून दोघींनी वढलं, तर सांडणारच की."

बाकड्यावर बसून चार ओळी बदलल्या: पहिल्याने मोकळं केलं की दुसऱ्याने वाट बघणं सोडायचं. परत वीसदा पळाले.

"मरंना झालाय. उठू का?"

"अजून पाचदा पळते."

रविवारी गर्दी उतरली तरी सर्व्हर चालू होता. मावशींनी वही मात्र पिठाच्या डब्याखाली ठेवलीच होती. मीही ठेवली असती.